पाळी लांबली आणि टेस्टवर एकच रेघ: विश्वास कधी ठेवायचा?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडते, म्हणजे अशाच काळजीत असलेल्या दुसऱ्या कुणालाही उत्तर नीट लागेल. वय 25, लग्न नोव्हेंबरात ठरलेलं. पाळी साधारण 30 दिवसांनी येते. शेवटची पाळी 2 जुलैला आली. 12 जुलैच्या रात्री निरोध फाटला, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी 72 तासांच्या आत घ्यायची गोळी घेतली. 23 जुलैला पुन्हा संबंध आला, तेव्हा निरोध नव्हता, वीर्य बाहेर सोडलं. पाळीची तारीख होती 1 ऑगस्ट. 3 तारखेला सकाळी टेस्ट केली, एकच रेघ. 7 तारखेला रात्री अकरा वाजता पुन्हा केली, पुन्हा एकच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या पिशवीतून तेच किट काढून पाहिलं, तर शेजारी आणखी एक पुसट रेघ. आज 9 तारीख. मेडिकलवाल्याने 'पाळी यायच्या' गोळ्या दिल्यात, त्या पर्समध्ये आहेत. दिवस गेलेत का, गोळ्या घ्याव्यात का, किती थांबावं, हे तुम्हाला हवंय.

तर आधी उत्तर. 12 जुलैच्या संबंधातून दिवस गेलेले नाहीत. 3 तारखेच्या टेस्टवर त्यापुरता पूर्ण विश्वास ठेवा. 23 जुलैबद्दल मात्र अजून कुठल्याच टेस्टला खात्रीने सांगता आलेलं नाही. त्यासाठी 13 ऑगस्टला सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. तेव्हा एकच रेघ आली तर तोही विषय संपला. कचऱ्यातून काढून पाहिलेली रेघ धरू नका. गोळ्या तोवर घेऊ नका. आणि या चार दिवसांत ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखू लागलं, घेरी आली किंवा रक्त जाऊ लागून सोबत दुखू लागलं, तर 13 तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आता यामागचं कारण. बहुतेक मुली हिशेब पाळीच्या तारखेवरून करतात. तारीख उलटली, टेस्ट केली, एक रेघ आली की सुटकेचा श्वास. आणि तरीही पाळी आली नाही की 'टेस्टच खोटी असणार' म्हणून रात्रभर जागरण. ओपीडीत माझा पहिला प्रश्न पाळीच्या तारखेचा नसतो. शेवटचा संबंध कधी आला, हे मी आधी विचारते. बऱ्याच जणी मान खाली घालतात, सोबत आई असेल तर गप्प बसतात, म्हणून आईला थोडा वेळ बाहेर बसवून पुन्हा विचारते. ती एक तारीख कळली की पुढचं सोपं होतं. शेवटच्या असुरक्षित संबंधाला 21 दिवस पूर्ण झाल्यावर, नीट केलेल्या टेस्टवर एकच रेघ आली, तर त्या संबंधातून गर्भ राहिलेला नाही. मग पाळी आलेली असो वा नसो.

हे 21 दिवस कुठून येतात ते बघा. शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे संबंध आज आला आणि स्त्रीबीज चार-पाच दिवसांनी सुटलं, तरी गर्भ राहू शकतो. बीज स्वतः जेमतेम 12 ते 24 तास जगतं. फलित झालेलं बीज गर्भनलिकेतून सरकत गर्भपिशवीत येतं आणि तिथे रुजतं, त्याला बीज सुटल्यापासून 6 ते 12 दिवस लागतात. बहुतेकींत 8 ते 10. रुजल्यावरच एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात आणि तिथून लघवीत उतरायला लागतं. सुरुवातीला अगदी थोडं असतं, मग साधारण दोन दिवसांनी दुप्पट होत जातं. घरच्या बहुतेक किटना लघवीत दर मिलिलिटरमागे 25 मिली-युनिटच्या आसपास एचसीजी लागतं, तेव्हा दुसरी रेघ उमटते. पाच दिवस, त्यावर उशिरात उशिरा बारा, त्यावर पातळी चढायला दोन-तीन दिवस. बेरीज विसाच्या आसपास जाते, म्हणून 21.

आता तुमच्या तारखा यात घाला. 12 जुलै ते 3 ऑगस्ट, 22 दिवस. हिशेब पूर्ण. 23 जुलै ते 7 ऑगस्ट, फक्त 15 दिवस. तेही रात्री अकरा वाजता, आणि तुम्हीच लिहिलंय की 'लघवी व्हावी म्हणून दोन तांबे पाणी प्यायले'. त्या टेस्टची एक रेघ एवढंच सांगते की त्या रात्री, त्या पातळ लघवीत, किटला पकडता येईल इतकं एचसीजी नव्हतं. यापलीकडे तिच्याकडून काही काढू नका.

मग पाळी लांबली कशाने? तुमच्या बाबतीत पहिला संशय त्या 72 तासांच्या गोळीवर. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, 1.5 मिलिग्रॅम. ही गोळी मुख्यतः बीज सुटणं पुढे ढकलते. तुम्ही ती पाळीच्या बाराव्या दिवशी घेतली, म्हणजे नेमकी बीज सुटायच्या तोंडावर. पाळीचं चक्र दोन भागांचं असतं: पाळी आल्यापासून बीज सुटेपर्यंतचा पहिला भाग, आणि बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा. दुसरा भाग एकाच बाईत फारसा हलत नाही, बहुतेकींत 12 ते 14 दिवसांचा असतो. ताणला जातो तो पहिला भाग. ताप, परीक्षा, रात्रपाळी, घरातलं आजारपण, झपाट्याने उतरलेलं किंवा वाढलेलं वजन, आणि ही गोळी, या सगळ्यांनी बीज उशिरा सुटतं आणि पाळी तेवढीच पुढे जाते. गोळीनंतरची पाळी आठवडाभर इकडेतिकडे होणं नेहमीचंच आहे. त्याहून जास्त लांबली तर टेस्ट करायची, असा नियम आहे.

पण याच गोळीमुळे तुमचा 23 जुलैचा दिवस जोखमीचा झाला, आणि हे गोळीच्या पाकिटासोबत कुणी समजावून सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. नेहमीच्या महिन्यात तुमचं बीज 17 ते 19 तारखेच्या सुमारास सुटून गेलं असतं आणि 23 तारीख बऱ्यापैकी निर्धास्त ठरली असती. गोळीने बीज पुढे ढकललं असेल तर ते 20 ते 25 च्या दरम्यान कधीही सुटलेलं असू शकतं. झालेल्या संबंधासाठीच ही गोळी असते. त्यानंतर त्याच महिन्यात आलेल्या संबंधांना तिचं संरक्षण नाही. गोळी घेतल्यावर पुढची पाळी येईपर्यंत दर वेळी निरोध वापरायलाच हवा. बाहेर वीर्य सोडण्यावर भिस्त ठेवू नका, त्यात फसगत होते हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

आता टेस्ट करायची कशी, कारण अर्धे घोळ इथेच होतात. किट घेताना मागची एक्स्पायरीची तारीख बघा. ॲल्युमिनियमचं पाकीट टेस्टच्या वेळीच फोडा. आधी फोडून बाथरूमच्या दमट हवेत ठेवलं तर पट्टी ओल धरते. स्वच्छ, कोरड्या वाटीत लघवी घ्या. साबणाचा अंश राहिलेला कप नको. किट सपाट जागेवर आडवं ठेवा, हातात धरून नाही. सोबतच्या ड्रॉपरने 'एस' लिहिलेल्या खळग्यात सावकाश तीन थेंब, किंवा पाकिटावर जितके लिहिलेत तितके. मग मोबाइलवर पाच मिनिटं लावा. त्या वेळात लघवी पट्टीवरून पुढे सरकताना दिसते, खिडकी आधी गुलाबीसर होते आणि मग पांढरी पडत जाते. आधी 'सी'समोरची रेघ बघायची. ती आली म्हणजे किट चाललं. 'सी' कोरी आणि 'टी'वर रेघ, किंवा दोन्हीकडे काहीच नाही, तर ते किट बाद, दुसरं आणा. 'सी'वर रेघ आणि 'टी' कोरी, म्हणजे निगेटिव्ह. दोन्हीकडे रेघ, मग 'टी'ची कितीही फिकट असो, पण रंगीत हवी, 'सी'च्याच रंगाची, आणि आडवी पूर्ण, तर पॉझिटिव्ह.

फिकट रेघेवरून फार भांडणं होतात, म्हणून जरा थांबते. पट्टीवर 'टी'च्या जागी एचसीजीला पकडणारे प्रतिपिंड आधीच लावून ठेवलेले असतात. लघवी वाळली की नेमकी त्याच जागी एक राखाडी, रंगहीन खूण दिसू लागते. ती पाण्याच्या वाळण्याची खूण. तुम्ही रात्री अकराला केलेली टेस्ट सकाळी सातला पाहिलीत, तेव्हा दिसली ती हीच असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पाकिटावर जी वेळ दिलीय त्या वेळेत वाचायचं, आणि नंतर किट कागदात गुंडाळून टाकून द्यायचं. पुन्हा काढून बघायचं नाही, उजेडात धरून बघायचं नाही, फोटो काढून मैत्रिणीला पाठवून 'तुला दिसतेय का गं' विचारायचं नाही. मात्र पाच मिनिटांच्या आत गुलाबी फिकट रेघ आली, तर ती दुसरी रेघच. तिला 'अर्धी पॉझिटिव्ह' म्हणू नका. दोन दिवसांनी पुन्हा करा, ती गडद व्हायला हवी.

सकाळची पहिलीच लघवी का? रात्रभर साठलेली असते, म्हणून एचसीजी त्यात जास्त दाट असतं. पाळी चुकून दोन-तीन आठवडे उलटल्यावर केली तर दुपारची लघवीही चालते. तुमच्यासारख्या काठावरच्या दिवसांत सकाळचीच घ्या, आणि आदल्या रात्री उगाच तांब्यामागून तांबे पाणी पिऊ नका.

खोक्यावर 99 टक्के लिहिलेलं असतं. तो आकडा लघवीत पुरेसं एचसीजी असताना किट ते पकडतं की नाही, याचा आहे. तुम्ही योग्य दिवशी टेस्ट केलीत का, हे खोक्याला कळत नाही. महाग किट, स्वस्त किट यात फार अडकू नका. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात सरकारचं 'निश्चय' किट मोफत मिळतं, तेही याच तत्त्वावर चालतं. साखर, मीठ, टूथपेस्ट, डेटॉल घालून फेस येतो का बघायच्या ज्या युक्त्या मोबाइलवर फिरतात, त्यांना काहीही अर्थ नाही. फेस कुणाच्याही लघवीत येईल, पुरुषाच्यासुद्धा. बर्लिनमध्ये 1920 च्या दशकाच्या अखेरीस अश्हाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी बाईची लघवी उंदरांना टोचून गर्भ ओळखायची पहिली विश्वासार्ह पद्धत काढली, तेव्हाही शोध याच संप्रेरकाचा होता. एचसीजी सोडून लघवीत गर्भाची दुसरी घरगुती खूण नाही.

साधी औषधं, अँटिबायोटिक, ॲसिडिटीची गोळी, 72 तासांची गोळी, गर्भनिरोधक गोळ्या, यांनी टेस्टचा निकाल बदलत नाही. खोटी पॉझिटिव्ह क्वचित येते: वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे 10 ते 14 दिवस, गर्भपात किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल तर चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त, कारण जुनं एचसीजी उतरायला वेळ लागतो. द्राक्षगर्भात, म्हणजे पिशवीत द्राक्षाच्या घडासारखी विकृत वाढ होते तेव्हा, ते खरोखरच जास्त असतं, पण गर्भ निरोगी नसतो. खोटी निगेटिव्ह त्या मानाने रोज भेटते, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी एकच: टेस्ट लवकर केलेली असते. एक अपवाद सांगते. पाळी चुकून दोन-अडीच महिने झाले, एचसीजी भरमसाट वाढलं, तर कधीकधी किट गोंधळतं आणि रेघ फिकट किंवा कोरी येते. म्हणून पोट जड वाटतंय, मळमळ आहे, दोन पाळ्या चुकल्यात आणि टेस्ट निगेटिव्ह, अशी बाई आली तर मी किटवर विसंबत नाही, सोनोग्राफी करते.

लक्षणांवरून ठरवू नका हेही सांगायला हवं. छाती जड होणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, चिडचिड, ओटीपोटात ओढल्यासारखं, ही सगळी प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची करणी. पाळीच्या आधीही तेच आणि दिवस गेल्यावरही तेच. तुम्हाला आठवडाभर मळमळतंय ते काळजीनेही असू शकतं, जेवण सुटलं तरी होतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: थोडंसं रक्त दिसलं म्हणजे पाळी आलीच असं नाही. उद्या-परवा तुम्हाला नेहमीसारखी, नेहमीइतके दिवस, पॅड बदलावे लागतील अशी पाळी आली तर निश्चिंत व्हा. नुसते तपकिरी डाग दिसून थांबलं, तर 13 तारखेची टेस्ट टाळू नका.

आता पर्समधल्या गोळ्या. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण यात बायकांचं खरंच नुकसान होतं. 'पाळी यायच्या गोळ्या' या नावाखाली काउंटरवरून दोन अगदी वेगळ्या वस्तू हातात पडतात. पट्टी काढा आणि तिच्यावरचं नाव वाचा.

पहिली म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी, नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. पाच-दहा दिवस घेतली आणि बंद केली की काही दिवसांत रक्तस्राव होतो. गौरी-गणपतीच्या किंवा लग्नाच्या वेळी पाळी पुढे ढकलायला घेतात तीही याच घराण्यातली. घेत राहिलं की पाळी थांबते, सोडली की दोन-तीन दिवसांत येते. गर्भ असेल तर गोळी थांबवूनही रक्तस्राव होत नाही, आणि बाई 'आज येईल, उद्या येईल' करत तीन आठवडे घालवते. गर्भ आहे की नाही हे या गोळीने ठरत नाही, आणि ती गर्भ पाडतही नाही. पूर्वी आपल्याकडे जास्त डोसचं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र देऊन 'पाळी आली तर गर्भ नाही' अशी परीक्षा करायची पद्धत होती. गर्भाला अपाय होण्याच्या भीतीने महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि 1988 साली सरकारने ते मिश्रण बंद केलं. औषध गेलं, पण 'एक इंजेक्शन मारा, पाळी येते का बघू' ही मागणी माझ्याकडे अजूनही येते. साध्या डोसच्या गोळ्या नकळत घेतल्या गेल्या आणि नंतर गर्भ निघाला, तर तेवढ्या कारणावरून गर्भ काढायला धावू नका. डॉक्टरांना गोळीचं नाव आणि तारखा दाखवा.

दुसरी वस्तू म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, गर्भपाताच्या गोळ्या. तुमच्या पट्टीवर ही नावं असतील तर त्या गोळ्या अजिबात घेऊ नका, आणि कुणी कितीही खात्रीने दिल्या तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वीकारू नका. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत नाही ना, किती आठवड्यांचा आहे, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे, हे बघितल्याशिवाय त्या घेणं जिवावर बेतू शकतं. अर्धवट गर्भपात होऊन आठ-आठ दिवस अंगावरून रक्त जातंय, हिमोग्लोबिन पाच-सहावर आलंय, आणि घरी 'पाळी जास्त जातेय' एवढंच सांगितलंय, अशा मुली रात्री-अपरात्री येतात. त्यांची पिशवी साफ करावी लागते, रक्त चढवावं लागतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कायद्याने ठरवलेल्या 9 आठवड्यांच्या आत, याच गोळ्या सुरक्षित असतात.

नळीतल्या गर्भाबद्दल. शंभर गर्भधारणांमध्ये एक-दोन पिशवीत न रुजता बाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजतात. टेस्ट तिथेही पॉझिटिव्हच येते, कारण एचसीजी तेच; रेघ फिकट असू शकते. पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. मग एका बाजूला दुखतं, थोडं तपकिरी रक्त दिसतं, बाईला वाटतं उशिरा आलेली पाळी. नळी फुटली की पोटात रक्त साचतं: घेरी, दरदरून घाम, चेहरा पांढरा, आणि खांद्याच्या टोकाला दुखणं, कारण साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं. खांदा दुखतोय म्हणून बाम चोळत बसलेली बाई मी पाहिलीय. पाळी लांबलेली आणि ही लक्षणं, मग टेस्ट काहीही म्हणो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जायचं. रुग्णवाहिकेसाठी 108. लग्न ठरलंय, घरच्यांना काय सांगू, हा विचार त्या क्षणी बाजूला ठेवायचा.

13 तारखेला एकच रेघ आली तर? मग गर्भ नाही, आणि पाळी येईल तेव्हा येईल. बहुतेकींना पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येते. गूळ, तीळ, कच्ची पपई खाऊन ती लवकर येत नाही. आवडत असेल तर तीळगूळ खा, त्यात वाईट काही नाही. एरवी नियमित असणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आलीच नाही, तर मी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करून घेते. तोंडावर लव वाढणं, मुरमं, वजन चढणं आणि पाळी दीड-दोन महिन्यांनी येणं असं जुनंच असेल, तर पीसीओएसचा, म्हणजे बीजकोशांच्या संप्रेरकांच्या बिघाडाचा, विचार करायचा. अशा मुलींनी तर टेस्टचा दिवस पाळीवरून काढूच नये, संबंधाच्या तारखेवरूनच मोजावा. सरकारी दवाखान्यातून 'छाया' ही आठवड्याची गोळी किंवा 'अंतरा'चं तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणाऱ्यांची पाळीही लांबते, थांबतेसुद्धा. पण छाया घेताना गोळी विसरली असेल तर टेस्ट करायची.

अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी एक मुद्दा इथेच, कारण त्या स्वतः विचारत नाहीत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर, दिवसरात्र पाजणं चालू, आणि पाळी सुरू झालेली नाही: हे सगळं एकत्र असेल तोवरच दूध गर्भाला अडवतं. बाळाला वरण-भाताचं पाणी सुरू झालं, रात्रीचं पाजणं सुटलं की बीज सुटू शकतं, आणि ते पहिल्या पाळीच्या आधीच सुटतं. पहिलं मूल नऊ महिन्यांचं आणि पोटात चार महिन्यांचं दुसरं, मध्ये पाळी एकदाही नाही, अशा बायका मला दर मोसमात भेटतात. चाळिशी ओलांडलेल्यांचंही तसंच. 'आता जायची वेळ झाली' म्हणून लांबलेली पाळी सोडून देऊ नका, टेस्ट करा.

आणि दोन रेघा आल्या तर? दुसरी रेघ ठळक असेल तर पुन्हा दुसऱ्या किटने बघायची गरज नसते. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे 2 जुलैपासून; 13 ऑगस्टला ते कागदावर सहा आठवडे होईल, पण बीज उशिरा सुटल्याने प्रत्यक्षात एक-दीड आठवडा लहान असेल. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत म्हणून उगाच घबराट होते. गरज वाटली तर डॉक्टर रक्तातलं बीटा एचसीजी 48 तासांच्या अंतराने दोनदा करतील. एका आकड्यापेक्षा त्याची चढण जास्त बोलते. आठवड्याभराने सोनोग्राफी, तीही गर्भ पिशवीत आहे ना हे बघायला. गर्भ ठेवायचा असेल तर फॉलिक ॲसिड त्याच दिवशी सुरू करा, रोज 400 मायक्रोग्रॅम.

ठेवायचा नसेल तर तो निर्णय तुमचा आहे. वय 18 पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. आई-वडिलांची, होणाऱ्या नवऱ्याची सही लागत नाही. 1971 च्या कायद्यात 2021 साली बदल झाला, त्यात गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू झालं, आणि 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. नाव आणि माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, ती फोडणं हा गुन्हा आहे. मान्यताप्राप्त केंद्रातच जा. कुणी कुंकू कुठे, मंगळसूत्र कुठे असं विचारून अडवलं, तर तिथून उठा आणि दुसरीकडे जा. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत ही सोय आहे.

आजपासून 13 तारखेपर्यंत पुन्हा असुरक्षित संबंध येऊ देऊ नका, नाहीतर 21 दिवसांची मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू होईल. दोन किट आणून ठेवा, एक बाद निघालं तर दुसरं हाताशी असावं. त्या सकाळी पाच मिनिटांच्या वेळेत किटचा फोटो काढून ठेवा, आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर तो फोटो, गोळ्यांची पट्टी आणि तुम्ही मला लिहून पाठवलेल्या याच तारखा सोबत न्या.